रानातील तालीम : वीर बाबुराव शेडमाके

चंद्रपूर शहरात एक जुने कारागृह आहे. त्याच्या आवारात पिंपळाचे झाड आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबर या दिवशी दूरदूरच्या खेड्यांतून लोक तेथे येतात. कोणी पायी येतो, कोणी एस. टी. ने येतो. हातात फुले असतात. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच ठिकाणी इंग्रजांनी एका तरुणाला फाशी दिले. त्याचे वय तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्याचे नाव बाबुराव पुल्लेसूर शेडमाके. लोक आदराने त्यांना वीर बाबुराव म्हणतात.

बाबुराव कोणत्याही फौजेत सुभेदार नव्हते की कप्तान नव्हते. त्यांच्या अंगावर कसलाही बिल्ला नव्हता. तरीही इंग्रज सरकारला त्यांना पकडण्यासाठी सहा महिने लागले. हे कसे घडले? त्यासाठी आधी त्यांचा मुलूख आणि त्यांचे बालपण समजून घेतले पाहिजे.

आज चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वेगळे जिल्हे आहेत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. त्याआधी हा सगळा एकच जिल्हा होता आणि इंग्रजांच्या काळात त्याला चांदा म्हणत. वर्धा आणि वैनगंगा या नद्या एकत्र येतात आणि त्यांची प्राणहिता नदी होते. प्राणहिता अहेरीजवळून वाहत जाते आणि सिरोंचापाशी गोदावरीला मिळते. नदीच्या दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांचे दाट रान पसरले आहे. त्या काळी प्राणहितेच्या पलीकडे हैदराबादच्या निजामाचा मुलूख होता. पूर्वेला बस्तरचे राज्य होते. म्हणजे या रानात तीन सरहद्दी एकमेकींना भिडत होत्या.

या प्रदेशावर गोंड राजांनी कित्येक पिढ्या राज्य केले. चंद्रपूरचा भक्कम परकोट त्यांच्याच काळातील आहे. पुढे १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने वारस नाही असे कारण सांगून त्यांचे राज्य खालसा केले. डिसेंबर १८५४ मध्ये एलिस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याचा कारभार हाती घेतला. राजे बदलले, पण रानातील खेड्यांचा रोजचा व्यवहार अजूनही तेथील गोंड जमीनदारच पाहत होते. त्यांतील एक घराणे मोलमपल्लीचे. हे गाव आजच्या गडचिरोली जिल्ह्यात अहेरीच्या परिसरात आहे.

या घराण्यात १२ मार्च १८३३ रोजी बाबुरावांचा जन्म झाला. वडिलांचे नाव पुल्लेसूरबापू आणि आईचे नाव जुरजाकुंवर. बाबुराव हे त्यांचे थोरले अपत्य होते. घरी जमीनदारी होती, म्हणजे जन्मानेच त्यांना दर्जा मिळालेला होता. पण गोंड समाजात जमीनदाराच्या मुलालाही गावातील इतर मुलांबरोबर शिकावे लागे. ते शिक्षण घोटुलात मिळे.

घोटुल म्हणजे गावातील तरुण मुलामुलींचे घर. संध्याकाळी कामे आटोपली की मुले तेथे जमत. तेथे पाटी-पुस्तक नव्हते. मोठी मुले लहानांना शिकवत. गाणी, नाच, गोष्टी, वडीलधाऱ्यांशी वागण्याची रीत, शेतातील आणि रानातील कामे, हे सगळे मुले तेथे शिकत. बाबुराव अशाच घोटुलात वाढले. त्यांना गोंडीबरोबर हिंदी आणि तेलुगू याही भाषा येऊ लागल्या. कुस्ती, तिरकमठा, तलवार, भाला आणि गोफण यांचे शिक्षणही त्यांना बालवयातच मिळाले.

पुढे वडिलांनी त्यांना इंग्रजी शिकण्यासाठी रायपूरला पाठवले. मोलमपल्लीहून रायपूर फार लांब. त्या काळी रेल्वे नव्हती. रानातून आणि नद्या ओलांडून जावे लागे. बाबुरावांनी तेथे थोडी इंयत्ता पूर्ण केल्या आणि ते गावी परतले. त्यांचा विवाह राजकुंवर यांच्याशी झाला. आता त्यांच्याजवळ दोन विद्या होत्या. एक रानाची आणि दुसरी शाळेची. रानातील विद्येने हात तयार झाला होता. शाळेतील विद्येमुळे नवे राज्यकर्ते कोण आहेत आणि ते कसे विचार करतात, हे त्यांना कळू लागले होते.

मुलांनो, येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. तुमच्यापैकी काही जण कराटेच्या वर्गाला जात असतील. तेथे पांढरा, पिवळा, हिरवा, काळा असे पट्टे असतात. पट्टा पाहून शिकणाऱ्याचा दर्जा कळतो. ही पद्धत फार जुनी नाही. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये जूडोसाठी दर्जे देण्यास सुरुवात केली. ओकिनावा बेटावरील गिचिन फुनाकोशी या शाळामास्तरांनी १९२२ मध्ये कराटेची कला तोक्योला नेली आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना कानोंच्या पद्धतीने पहिले दर्जे दिले. त्याआधी शेकडो वर्षे ही कला पट्ट्यांशिवायच शिकवली जात होती. पट्टा उपयोगाचा आहे. आपण किती पायऱ्या चढलो हे त्यावरून समजते, आणि शिकण्याची हौस वाढते. पण पट्टा कमरेला बांधला म्हणून हातात बळ येत नाही. दर्जा आपल्याला दुसरा कोणीतरी देतो. कसब मात्र स्वतःलाच कमवावे लागते. कसब म्हणजे उर्दूत ज्याला आपण हुनर म्हणतो ते.

घोटुलात पट्टे नव्हते. तेथे परीक्षा रान घेत असे. रानात नेम धरायचा तर समोर मोकळे मैदान नसते. झाडे आडवी येतात, वेली अडकतात, जनावर क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. म्हणून तिरकमठा चालवणाऱ्याला जवळ जाता आले पाहिजे. वाळलेल्या पानांवर पाऊल न वाजवता चालता आले पाहिजे. वारा कोणत्या बाजूने वाहतो ते ओळखता आले पाहिजे. पाणी कोठे मिळेल, नाल्याला उतार कोठे आहे, अंधारात वाट कशी शोधावी, हेही ठाऊक हवे. गोफण फिरवायला जागा किती लागते, भाला केव्हा फेकावा आणि केव्हा हातातच ठेवावा, हे अनुभवाने समजते. पाऊस पडत असताना, पोटात भूक असताना, मनात भीती असतानाही जो हे करू शकतो, त्याचेच शिक्षण पुरे झाले असे रान मानते. संकट कधी सांगून येत नाही. ते मोकळे मैदानही देत नाही आणि तयारीला वेळही देत नाही. म्हणून तालीम खऱ्या संकटासारखीच असावी लागते.

नवे राज्य रानापर्यंत पोहोचले तसे लोकांचे हाल वाढू लागले. साऱ्याची वसुली कडक झाली. नवे हुकूम आणि नवे हिशेब आले. लोकांना ते समजत नसत. सावकारांचे फावले. पिढ्यान्‌पिढ्या आपला कारभार आपण पाहणाऱ्या जमीनदारांनाही आपला मुलूख हातून जाणार असे वाटू लागले. बाबुराव गावोगाव फिरत. लोकांची दुःखे त्यांना दिसत होती.

अशातच १८५७ चा उठाव सुरू झाला. मीरत, दिल्ली, कानपूर, लखनौ येथे इंग्रजांविरुद्ध लढाया पेटल्या. त्या बातम्या नागपूरमार्गे चांद्यापर्यंत आल्या. २४ सप्टेंबर १८५७ रोजी बाबुरावांनी जंगोम दल नावाचे सैन्य उभारले. त्यात चारशे ते पाचशे तरुण होते. हे तरुण शेतकरी होते, शिकारी होते, मोहफुले वेचणारे होते. बाबुरावांनी त्यांना शस्त्रे चालवण्याचे शिक्षण दिले. त्यांना परक्या फौजेसारखी कवायत करायला लावले नाही. ज्या हत्यारांवर त्यांचा हात बसलेला होता, तीच हत्यारे त्यांच्या हाती राहिली आणि ज्या रानाची त्यांना ओळख होती, त्याच रानात लढायचे ठरले. यातच बाबुरावांचे शहाणपण दिसते.

या दलात केवळ गोंड नव्हते. रोहिलेही होते. रोहिले म्हणजे मूळचे अफगाण वंशाचे मुसलमान शिपाई. त्यांच्या पूर्वजांच्या वस्तीवरून उत्तर हिंदुस्थानातील एका भागाला रोहिलखंड हे नाव पडले. मध्य हिंदुस्थानातील आणि दख्खनमधील अनेक राजांकडे रोहिले नोकरीला होते. जुनी राज्ये बुडाली आणि त्यांची नोकरीही गेली. त्यांच्यातील काही जण बाबुरावांना येऊन मिळाले. रोहिल्यांना तलवार आणि बंदूक यांची सवय होती. गोंडांना रानाची आणि तिरकमठ्याची सवय होती. दोघांची भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण संकट एक होते आणि ते खांद्याला खांदा लावून लढले. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील हे पान आपण विसरता कामा नये.

मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी पहिला घाव घातला. त्यांच्या दलाने राजगड परगणा ताब्यात घेतला. त्या वेळी चांद्याचा कारभार कॅप्टन क्रिक्टन या अधिकाऱ्याकडे होता. ही बातमी ऐकताच त्याने फौज पाठवली. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरी या गावांजवळ दोन्ही बाजूंची गाठ पडली. कालच बाबुरावांना पंचविसावे वर्ष पूर्ण झाले होते. येथे जंगोम दलाने सरकारी फौजेला मागे हटवले, असे या भागातील लोक अभिमानाने सांगतात.

या लढाईनंतर अडपल्ली आणि घोट येथील जमीनदार व्यंकटराव हे बाबुरावांना येऊन मिळाले. आता दलाची ताकद वाढली. गढीसुर्ल्याच्या टेकडीवर त्यांनी तळ ठोकला. सरकारी फौज टेकडी चढू लागली तेव्हा वरून दगडांचा मारा झाला, अशी हकिकत सांगितली जाते. एप्रिल महिन्यात सगणापूर आणि बामणपेठ येथेही चकमकी झाल्या.

त्या काळच्या बंदुकीत नळीच्या तोंडाकडून दारू आणि गोळी ठासावी लागे. एक बार झाला की पुन्हा भरण्यात वेळ जाई. मोकळ्या मैदानात शिपायांच्या रांगा एकामागून एक बार काढत आणि त्यांच्यापुढे कोणी टिकत नसे. दाट रानात मात्र रांगा मोडतात. वीस पावलांपलीकडचे दिसत नाही. तेथे आवाज न करणारा बाण आणि हलके पाऊल यांचे मोल वाढते. बाबुराव मैदानात उतरले असते तर एका दिवसात सारे संपले असते. आपले बळ कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ही जाण हासुद्धा हुनरचाच एक भाग आहे.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री एक मोठी घटना घडली. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तार खात्याच्या लोकांचा तळ होता. इंग्रजांना तारायंत्राचे फार महत्त्व वाटे, कारण त्यामुळे फौजेचे निरोप झटपट जात. बाबुराव आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी या तळावर हल्ला केला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा त्यांचा सोबती अंधारात निसटून गेला.

या घटनेकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. मेलेले दोघे लढाईवर आलेले शिपाई नव्हते. ते तार खात्याचे नोकर होते. स्वतःचे रक्षण करणे आणि दुसऱ्यावर चाल करून जाणे यांत फरक आहे. लढाई एकदा पेटली की ही रेषा पुसट होते. बाबुरावांच्या शौर्याचा आदर करतानाही ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. थोर माणसांचे चरित्र वाचायचे ते त्यांना देव बनवण्यासाठी नव्हे. त्यांच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहिले आणि त्यांनी काय केले, हे समजून घेण्यासाठी वाचायचे.

चिंचगुंडीच्या हल्ल्यानंतर इंग्रज सरकार फार चिडले. क्रिक्टनने ओळखले की रानात शिरून बाबुरावांना पकडणे कठीण आहे. फौजेचा दर्जा, कॅप्टनचा हुद्दा आणि नव्या बंदुका येथे कामाला येत नाहीत. तेव्हा त्याने दुसरा मार्ग धरला. अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांचा त्या भागात मोठा दबदबा होता. झाशीची राणी लक्ष्मीबाई वेगळी आणि या लक्ष्मीबाई वेगळ्या. क्रिक्टनने त्यांच्यावर दबाव आणला. बाबुरावांना पकडून देण्याचे काम त्यांच्यावर सोपवले.

आता बाबुरावांच्या शोधात परके शिपाई नव्हते. त्यांच्यासारखेच रान ओळखणारे लोक होते. कोणत्या वाटेने कोण जातो, कोणत्या गावात कोण आश्रय देतो, हे त्यांना माहीत होते. रानाची जी विद्या बाबुरावांचे कवच होती, तीच आता त्यांच्या विरोधात वापरली जाऊ लागली. व्यंकटराव बस्तरच्या बाजूला निघून गेले. दल विखुरले. बाबुराव इंद्रावतीपलीकडे भोपालपट्टणमच्या भागात गेले. तेथे काही रोहिल्यांनी त्यांना पकडले. पण बाबुराव त्यांच्या हातून निसटले. पाहा, रोहिलेच त्यांच्याबरोबर लढले होते आणि रोहिल्यांनीच त्यांना धरले. माणसाची पारख त्याच्या जातीवरून किंवा धर्मावरून होत नाही. संकटाच्या वेळी तो कोणत्या बाजूला उभा राहतो, त्यावरून होते.

पावसाळा सरत आला होता. नद्या भरून वाहत होत्या. बाबुरावांना फार काळ लपून राहता आले नाही. १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पकडले आणि इंग्रजांच्या हवाली केले. त्यांना चांद्याला आणण्यात आले. त्यांच्यावर खटला भरला गेला. सरकारविरुद्ध बंड आणि खून असे आरोप होते. निकाल काय लागणार हे सर्वांनाच ठाऊक होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आले.

व्यंकटराव दीड वर्ष बस्तरमध्ये राहिले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यांना जन्मठेप झाली आणि त्यांची जमीनदारी जप्त झाली. अडपल्ली आणि घोट येथील सदुसष्ट गावे लक्ष्मीबाईंना इनाम म्हणून मिळाली. एकाला फाशी, दुसऱ्याला जन्मठेप आणि तिसऱ्याला गावे. सरकारने असा न्याय केला. पण लोकांच्या मनातील न्याय वेगळा असतो. आज गावोगावच्या मेळाव्यांत गाणी गायली जातात ती बाबुरावांची. १२ मार्च २००९ रोजी भारताच्या टपाल खात्यानेही त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

लोकांनी बाबुरावांवर इतके प्रेम केले की त्यांच्याविषयी अनेक दंतकथा तयार झाल्या. एक दंतकथा अशी आहे की, त्यांनी रानातील ताडवा नावाची दुर्मीळ वस्तू खाल्ली होती आणि तिच्यामुळे त्यांच्या अंगी अचाट शक्ती आली होती. दुसरी दंतकथा अशी की, फाशीचा दोर तीन वेळा तुटला आणि चौथ्या वेळी त्यांचा प्राण गेला. रात्री शेकोटीभोवती बसून म्हातारी माणसे या गोष्टी सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

दंतकथा गोड असतात. त्या कोणी खोटेपणाने रचलेल्या नसतात. एवढ्या लहान वयाचा तरुण एवढ्या मोठ्या सरकारशी कसा लढला, हे लोकांना नवल वाटले. त्या नवलाचे उत्तर त्यांनी ताडव्यात शोधले. परंतु खरे उत्तर घोटुलात आहे. ते उत्तर म्हणजे लहानपणापासून रोज केलेला सराव, रोज पायी तुडवलेले रान आणि रोज धरलेला नेम. ताडवा खाऊन शक्ती येते असे मानले, तर ती एका बाबुरावांनाच मिळाली असती. पण त्यांच्याबरोबर चारशे-पाचशे साधी माणसेही लढली. त्यांच्यापैकी कोणी ताडवा खाल्ला नव्हता. त्यांनी तालीम घेतली होती. चमत्काराची गोष्ट सांगितली की मेहनत झाकली जाते, आणि ऐकणाऱ्या मुलाला वाटते की हे आपल्या हातचे नाही. मेहनतीची गोष्ट सांगितली तर त्याच मुलाला वाटते की हे मलाही जमेल.

बाबुरावांच्या जीवनातून आणखी एक गोष्ट समजते. हुनर कितीही मोठा असला तरी तो एकट्याला सदैव वाचवू शकत नाही. बाबुरावांचा नेम चुकला म्हणून ते पकडले गेले नाहीत. आजूबाजूच्या लोकांना भीती आणि लालूच दाखवली गेली, म्हणून ते पकडले गेले. जोपर्यंत गावे त्यांच्या पाठीशी होती, तोपर्यंत ते सुरक्षित होते. ती साखळी तुटली तेव्हा तलवार असूनही उपयोग झाला नाही. म्हणून माणसाचे पहिले संरक्षण म्हणजे त्याची माणसे. एकमेकांना सावध करणारे शेजारी, हाक ऐकून धावून येणारे मित्र, खरे बोलणारे सोबती. ज्याच्यापाशी हे आहेत, त्याचे बळ दुप्पट होते.

आज आपल्या शाळांत मुलींना आणि मुलांना आत्मरक्षणाचे धडे दिले जातात. हे फार चांगले आहे. हे धडे मन लावून शिकावेत. त्यांतील पहिला धडा हात उगारण्याचा नसतो. आपण कोठे उभे आहोत, बाहेर पडण्याची वाट कोणती, समोरचा किती अंतरावर आहे, मदतीला कोण येऊ शकेल, हे पाहण्याचा असतो. धोका दिसताच मोठ्याने ओरडावे, आणि पळणे शक्य असेल तर पळावे. त्यात लाज नाही. बाबुरावही गरज पडली तेव्हा रानात नाहीसे होत. हातपाय चालवायचे ते दुसरा मार्ग उरला नाही तरच. शिकलेला डाव सपाट गादीवर जमला म्हणून समाधान मानू नये. दप्तर पाठीवर असताना, पायांत चपला असताना, अंधारात आणि घाईतही तो जमतो का, हे आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहावे.

पट्टा मिळाला तर आनंद माना. प्रमाणपत्र मिळाले तर ते जपून ठेवा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सरावाला जा. कागदावरचा दर्जा पेटीत ठेवला तरी टिकतो. हुनर मात्र एक महिना दुर्लक्ष केले तरी गंजू लागतो. आणि ज्याच्या अंगी हुनर आहे, त्याने त्याचा उपयोग दुबळ्याला धमकावण्यासाठी कधी करू नये. मोलमपल्लीच्या जमीनदाराच्या मुलाला आपल्या घराण्याच्या दर्जावर आरामात जगता आले असते. त्यांनी रानात मिळवलेली विद्या आपल्या लोकांसाठी खर्च केली. म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षे उलटली, तरी वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंतच्या रानात त्यांचे नाव अजून घेतले जाते.